लाखेचं सील

पंचनामा आटोपून अण्णा घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. चपला काढून ते सरळ मोरीकडे गेले आणि कितीतरी वेळ हात धूत राहिले. आईने दोनदा हाक मारली. चहा निवला. शेवटी पंच्याला हात पुसत बाहेर आले, तेव्हा मी पाहिलं, नखांच्या कडेला लाल भुगा तसाच होता. लाखेचा. ती सहजी निघत नाही.

त्या दिवशी आमच्या गावच्या बँकेच्या तिजोरीतल्या सोनेतारणाच्या पिशव्या उघडल्या होत्या. प्रशासक होते, पोलीस होते, बाहेरगावाहून आणलेला सराफ होता, दोन पंच होते. अण्णांना बोलावलं होतं ते नावं ओळखायला. गावातली निम्मी माणसं त्यांच्या वहीत होती, म्हणून.

बँकेचं नाव इथे लिहीत नाही. गाव तालुक्याचं, पण लहानच. ज्यांनी केलं त्यांची मुलंबाळं आणि ज्यांचं गेलं त्यांची मुलंबाळं अजून तिथेच राहतात, एकमेकांच्या लग्नात जेवतात, मयताला खांदा देतात. मी पुण्यात बसून नाव लिहायचं आणि त्यांनी तिथे ते वागवायचं, हे मला पटत नाही.

अण्णा त्या बँकेचे पिग्मी एजंट होते. रोज थोडे थोडे पैसे दारावर येऊन गोळा करण्याची ही पद्धत उडुपीच्या सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये सुरू केली, तेव्हा दोन आणेही घेत म्हणे. आमच्याकडे दहा रुपयांपासून पुढे. सकाळी साडेसहाला भाजी मंडई, मग एसटी स्टँडवरच्या टपऱ्या, मग सलून, शिंपी, सायकलवाला, पिठाची गिरणी, दुपारी बायकांची घरं, संध्याकाळी बाजारपेठ. पावसाळ्यात वही प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून शर्टाच्या आत. शेकड्याला तीन रुपये कमिशन. त्याच्यावर आमचं घर चाललं, माझं शिक्षण झालं.

अण्णांना एका गोष्टीचा फार अभिमान होता. ते म्हणायचे, "लोक पुस्तकात बघतसुद्धा नाहीत. पैसे हातावर ठेवतात, पुस्तक खिशात घालतात, संपलं." आणि खरंच बघत नसत. एक सोडून. मंडईत कोपऱ्यावर मेथी-कोथिंबीर घेऊन बसणाऱ्या एक मावशी होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं. अण्णांनी पुस्तकात आकडा लिहिला की त्या ओल्या हाताने पुस्तक पुढे सरकवायच्या आणि म्हणायच्या, "वाच." अण्णा वाचायचे. आजचे वीस, एकूण इतके. रोज. गिऱ्हाईक खोळंबलेलं असलं तरी. सुट्टीत मी अण्णांबरोबर फेरीला जायचो तेव्हा मला त्या मावशींचा थोडा रागच यायचा. वाटायचं, आमच्या अण्णांवर या बाईचा विश्वास नाही.

एल्कहार्ट हे गाव मी पाहिलेलं नाही, पाहीन असंही नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याचा अगदी नैर्ऋत्येचा कोपरा, पलीकडे ओक्लाहोमा. मॉर्टन काउंटी. लोकवस्ती दोन हजारांच्या आत. गहू, ज्वारी, गुरं. १९३०च्या दशकात धुळीच्या वादळांनी जी पट्टी उजाड केली, त्यातलाच हा मुलूख. गावात हार्टलँड ट्राय-स्टेट बँक नावाची एक छोटी बँक होती, चार शाखांची. शेतकऱ्यांना कर्ज देणारी. भागभांडवल बरंचसं आसपासच्याच घरांतलं. ही बँक २८ जुलै २०२३ रोजी, शुक्रवारी, राज्याच्या बँक आयुक्तांनी बंद केली.

तिची हकीकत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा अर्ध्यावर थांबलो, कारण मला आमच्या बँकेचा लोखंडी जिना दिसायला लागला होता.

शॅन हेन्स हा त्या बँकेचा मुख्य कार्यकारी अधिकारी. गावातलं मोठं नाव. चर्चमध्ये पुढे, गावच्या कामात पुढे, बँकवाल्यांच्या संघटनांत मानाचा. २०२२च्या अखेरीस त्याची कुणाशी तरी व्हॉट्सअॅपवर ओळख झाली आणि त्यातून तो क्रिप्टो चलनाच्या गुंतवणुकीत शिरला. गुंतवणूक कसली, बनाव होता. आधी गोड बोलून, खोटा नफा दाखवून माणसाला भरवत राहायचं आणि मग कापायचं. त्या धंद्यात याला डुक्कर कापणं असंच म्हणतात. हेन्सने आधी स्वतःचे पैसे घातले. मग मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेले ६० हजार डॉलर घातले. गावच्या चर्चचे ४० हजार उचलले, एका गुंतवणूक मंडळाचे १० हजार उचलले. आणि मग ३० मे ते ७ जुलै २०२३ या साधारण सव्वा महिन्यात बँकेतून अकरा वेळा पैसे बाहेर पाठवले. एकूण ४ कोटी ७१ लाख डॉलर. बँकेची सगळी मालमत्ता मिळून १३ कोटी ९० लाखांच्या घरात होती. म्हणजे तीन घासांतला एक घास तो एकटा घेऊन गेला, आणि तोही स्वतःच्या पोटात गेला नाही.

ही आकडेवारी एकीकडे. मी थांबलो ते दुसऱ्याच ठिकाणी. पैसे बाहेर पाठवायचं काम तो स्वतःच्या हाताने करत नव्हता. ते कर्मचाऱ्यांनी केलं. दिवसाला किती रक्कम पाठवता येईल याची मर्यादा बँकेत ठरलेली होती, नियम लिहिलेले होते, ते बाजूला सारून केलं. फेडरल रिझर्व्हच्या महानिरीक्षकांनी पुढे या बुडीताची चौकशी केली. त्यांच्या अहवालात एक वाक्य आहे. या अधिकाऱ्याचा बँकेत असलेला दरारा आणि गावात असलेलं स्थान, यामुळे कर्मचारी त्याला प्रश्न विचारायला किंवा वेळीच कुठे बोलायला कचरले असावेत, अशा अर्थाचं. त्याआधी बँकेची तब्येत उत्तम होती, भांडवल भरपूर होतं, तपासणीत नाव चांगलं होतं. आमच्या बँकेलाही लेखापरीक्षणात 'अ' वर्ग होता. तो वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर ठळक छापलेला असायचा.

माझ्या मनात तेव्हापासून एक खोली आहे. मी पाहिलेली नाही, पण मला ती दिसते. तिथे कुणीतरी बसलं आहे, चाळिशीची बाई असेल किंवा तिशीचा मुलगा, आणि साहेब येऊन सांगतात की एवढी रक्कम अमुक खात्यावर पाठवा. पाचवी वेळ आहे. किंवा आठवी. रक्कम नेहमीपेक्षा कितीतरी मोठी आहे. त्या माणसाच्या पोटात काहीतरी हललं असणार. आणि तो हात कीबोर्डकडे जातो.

अण्णांच्याही पोटात हललं होतं.

हे त्यांनी मला फार उशिरा सांगितलं, मी नोकरीला लागल्यावर. दिवसभराची जमा भरायला ते संध्याकाळी साडेसातच्या सुमारास बँकेत जात. तोवर ग्राहकांचा दरवाजा बंद झालेला असे, मागच्या जिन्याने जायचं. सोनेतारणाची पद्धत अशी, की कर्जदाराने दागिने आणायचे, बँकेच्या यादीवरच्या सराफाने ते कसाला लावून, वजन करून दाखला द्यायचा, मग कर्जदाराच्या डोळ्यांदेखत दागिने मांजरपाटाच्या पिशवीत घालायचे, सुतळीने तोंड बांधायचं, गाठीवर लाख वितळवून ओतायची आणि ती गरम असतानाच पितळी शिक्का दाबायचा. पिशवीला पुठ्ठ्याची चिठ्ठी, तिच्यावर नाव, खाते क्रमांक, एकूण वजन, निव्वळ वजन, सराफाची सही. तिजोरीला दोन चाव्या, एक मॅनेजरकडे आणि एक हेड कॅशियरकडे. एकाने उघडूच नये म्हणून दोन. कागदावर पाहिलं तर यात बोट शिरायला जागा नाही.

आणि अण्णा सांगत होते, "संध्याकाळी मी जायचो तेव्हा लाखेचा वास यायचा."

दुपारी तीननंतर सोनेतारणाचं काउंटर बंद. साडेसातला लाखेचा वास कशाला? आत टेबलावर मेणबत्ती, मॅनेजर साहेब, तो सराफ आणि कधी कधी हेड कॅशियर. कर्जदार कुणी नाही. अण्णा पैसे मोजून द्यायचे, पावती घ्यायचे. साहेब हसून विचारायचे, "काय अण्णा, आज पाऊस फार होता का?" अण्णा म्हणायचे, "हो साहेब." आणि जिना उतरायचे. हे असं दीड वर्ष.

मी विचारलं, "तुम्ही कधी बोलला का नाहीत?" मुलाने बापाला विचारू नये अशा स्वरात विचारलं, ते मला अजून टोचतं. ते लगेच काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझ्या आज्जीच्या ऑपरेशनला साहेबांनी रात्री दहाला घरी पैसे पाठवले होते."

हे खरं होतं. आणि असं गावातल्या शंभर घरांनी सांगितलं असतं. कुणाच्या पोरीच्या लग्नात एका दिवसात कर्ज मंजूर केलेलं, कुणाची विहीर कोसळली तेव्हा हप्ता पुढे ढकललेला. गणेश मंडळाचा हिशेब साहेबांकडे, शाळेच्या इमारत निधीचा हिशेब साहेबांकडे. मोठ्या शहरातल्या बँकेत जे आपल्याला कधी मिळत नाही, आपल्याला नावाने ओळखणारा माणूस, तो आमच्याकडे होता. लोक त्या माणसाच्या भरवशावर ठेवी ठेवत होते, इमारतीच्या किंवा ताळेबंदाच्या नव्हे. असल्या माणसाला "साहेब, हे एवढ्या रात्री काय चाललंय?" असं विचारायचं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला चोर म्हणणं. आमच्याकडे ते कुणाच्याच जिभेवर येणार नव्हतं. एल्कहार्टमध्येही आलं नाही, आणि ते लोक आमच्यापेक्षा वेगळे असतील असं मला आता वाटत नाही. तिथे शेवटी वाचा फुटली ती बाहेरूनच. अडकलेले पैसे सोडवायला म्हणून हेन्सने गावातल्या एका जुन्या ग्राहकाकडे १ कोटी २० लाख डॉलर मागितले. त्या ग्राहकाने दिले नाहीत, उलट हे संचालकांच्या कानावर घातलं.

आमच्याकडे एका कर्जदाराने खरोखरच पैसे फेडून आपलं सोनं परत मागितलं, आणि पिशवीत दुसरंच निघालं. तिथून सुरुवात. आठ दिवसांत रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले. बँकिंग नियमन कायद्याचं कलम ३५ अ. हा आकडा त्यानंतर गावातल्या शाळकरी पोरालाही पाठ झाला. दारावर मराठीत आणि इंग्रजीत नोटीस, खात्यामागे एक हजार रुपये काढता येतील. पुढे २०१९च्या सप्टेंबरात मुंबईच्या पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हाही पहिला आकडा एक हजाराचाच होता. टीव्हीवर शटरसमोर उभी माणसं पाहून मी उठून दुसऱ्या खोलीत गेलो. तिथे एका बांधकाम समूहाचं थकलेलं कर्ज झाकायला एकवीस हजारांहून जास्त बनावट खाती उघडली होती असं तपासात पुढे आलं. एकवीस हजार नावं. ती कुणीतरी बसून भरली असणार.

आमच्याकडची माणसं नोटीस वाचून बँकेसमोर थांबली नाहीत. ती आमच्या घरी आली. बँक कुणाच्या ओळखीची नव्हती, अण्णा ओळखीचे होते. पहिल्या दिवशी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. कुणी वाईटसाईट बोललं नाही, एक-दोघं सोडून. सलूनवाले नुसते येऊन बसले आणि तासाने उठून गेले. आईने आतून पाण्याचे तांबे पाठवायला सुरुवात केली आणि त्या दिवशी किती वेळा हंडा भरला ते तिला आठवत नाही. मावशीही आल्या. पुस्तक पुढे केलं. म्हणाल्या, "वाच." अण्णांनी वाचलं. चौदा हजार सहाशे चाळीस. "मग हायेत न्हवं?" अण्णांना उत्तर देता आलं नाही.

पंचनामा झाला तो यानंतर चार महिन्यांनी. पिशव्या एकेक करून टेबलावर घ्यायच्या, सील शाबूत असल्याची नोंद करायची, मग फोडायचं. सराफ दागिना काळ्या कसोटीवर घासायचा, पिवळी रेघ उमटायची, तिच्यावर तेजाबाचा थेंब. खरं सोनं असेल तर रेघ राहते. अण्णा सांगत होते, "पहिल्या दहा-बारा पिशव्या बऱ्या निघाल्या. मग एक रेघ गेली. मग गेलीच, गेलीच, गेलीच." पितळ, वर पातळ मुलामा. जाडजूड बांगड्या, एकाच साच्यातल्या, एकाच माणसाने घडवलेल्या. कर्ज मात्र प्रत्येक पिशवीवर वेगळ्या नावाने उचललेलं.

प्रशासक चिठ्ठीवरचं नाव वाचायचे आणि अण्णांकडे बघायचे. हा कोण? अण्णा सांगायचे. हमाल आहे. ही धुणीभांडी करते. हा वारला गेल्या वर्षी. नावं कुठून घेतली असतील ते अण्णांना तिसऱ्या पिशवीलाच कळलं. ती त्यांच्याच पिग्मीच्या यादीतली होती. ज्या माणसांचे फोटो, सह्या, अंगठे बँकेत आधीच जमा होते आणि जी कधी खातं तपासायला बँकेत येणार नव्हती, अशी वेचून घेतलेली नावं. पुस्तकात न बघणारी माणसं.

मावशींच्याही नावाची पिशवी निघाली. निव्वळ वजन एकशे अठ्ठावीस ग्रॅम. मावशींच्या गळ्यात काळी पोत आणि दोन वाट्या, त्याही एका वाटीला चीर गेलेली. ती पिशवी अण्णांनी स्वतः हातात घेऊन फोडली. लाखेचा भुगा नखांत गेला तो तिथे.

चौकशीला मावशींना पोलिसांनी बोलावलं. सोबत अण्णा गेले. त्यांना सगळं समजावून सांगितलं, की तुमच्या नावावर असं असं सोनं ठेवून कर्ज काढलं. त्यांनी नीट ऐकलं आणि अण्णांकडे वळून विचारलं, "तू रोज वाचत व्हतास, ते ह्ये का न्हाई वाचलंस?"

पुढची हकीकत कागदांची आहे. परवाना रद्द, बँकेचा कारभार गुंडाळायला अवसायक नेमला, सहकार कायद्याच्या कलम ८८ची चौकशी, नुकसानीची जबाबदारी कुणावर किती. मॅनेजर आणि सराफ काही काळ आत होते, खटला माझं लग्न होऊन गेलं तरी चालूच होता. एल्कहार्टमध्ये हे झपाट्याने झालं. ऑगस्ट २०२४ मध्ये हेन्सला २४ वर्षं ५ महिन्यांची शिक्षा सुनावली. ठेवीदारांचा डॉलरही गेला नाही. शुक्रवारी बँक बंद झाली आणि सोमवारी त्याच चार शाखा दुसऱ्या बँकेच्या नावाने उघडल्या. ५ कोटी ४२ लाखांचा भार ठेव विमा निधीवर पडेल असा अंदाज तेव्हा दिला गेला. खरे मारले गेले ते भागधारक, गावातलीच कुटुंबं, म्हातारपणाची पुंजी त्या भागांत ठेवलेली. पुढे तपास यंत्रणेने परत मिळवलेल्या रकमेतून त्यांचं बरंचसं नुकसान भरून निघालं. पण शुक्रवार ते सोमवार हे अंतर मी कितीदा मनात मोजलं असेल. आमच्याकडे ते चार वर्षांचं होतं.

आपल्याकडेही ठेव विमा आहे, आणि तो कुठून आला हे मला फार नंतर कळलं. १९६० मध्ये अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली आणि मागोमाग केरळातली पलाई सेंट्रल बँक. त्या धक्क्याने ठेव विमा महामंडळाचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून विमा सुरू झाला. तेव्हा दीड हजार रुपयांपर्यंत. आमच्या वेळी ही मर्यादा एक लाखाची होती, १९९३ पासूनची. २०२० मध्ये ती पाच लाख झाली, आणि २०२१ पासून निर्बंध आल्यावर साधारण नव्वद दिवसांत विम्याची रक्कम द्यायची अशी तरतूद झाली. ही तरतूद आमच्या वेळी असती तर गावातली काही माणसं वेगळ्या मनाने मेली असती. एक निवृत्त गुरुजी होते, चार लाख ठेवलेले, एक लाख मिळाले. आणि पतसंस्थेत पैसे ठेवणाऱ्यांना तर हा विमा आजही नाही. काउंटर तसंच, पिग्मी तशीच, पुस्तकही तसंच, म्हणून लोकांना दोन्हींतला फरक कळत नाही. ज्याला कळत नाही त्याला कुणीतरी घरी जाऊन सांगितलं पाहिजे.

अण्णा त्या चार वर्षांत एका भुसार दुकानात हिशेब लिहायला जात. आणि सकाळी साडेसहाला, पूर्वीसारखेच, फेरीवर. आता पैसे गोळा करायला नाही, दाव्याचे फॉर्म भरून घ्यायला. नावं जुळत नसत. पुस्तकात नवऱ्याचं नाव मधे, रेशनकार्डावर बापाचं. कुणाचं खातं दोन शाखांत, कुणाचा वारस ठरलेला नाही. अण्णांनी प्रत्येकासाठी वेगळी प्लास्टिकची पिशवी केली होती, आत कागद, वर चिठ्ठी चिकटवलेली, नाव आणि आकडा. आमच्या माळ्यावर त्या ओळीने लावलेल्या असत. शेकड्याला तीन रुपये आता कुणी देत नव्हतं. आई एकदा म्हणाली, "किती दिवस हे?" अण्णा म्हणाले, "यादी संपेस्तोवर."

मावशींच्या पैशाचं पत्र आलं त्या दिवशी मी सुट्टीला घरी होतो. अण्णांबरोबर मंडईत गेलो. मावशी आता थोड्या वाकल्या होत्या, मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडत होत्या. अण्णांनी पत्र काढलं. त्यांनी हात लुगड्याला पुसले, पत्राला हात लावला नाही.

"वाच."

अण्णांनी वाचलं. नाव, खाते क्रमांक, रक्कम. चौदा हजार सहाशे चाळीस रुपये.

"पुन्यांदा वाच," मावशी म्हणाल्या. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, घातला, आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागले.